तीन मिलिमीटर

ओतारूच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर
टाचणीच्या माथ्याएवढा फुगा दाखवला.
"क्लिप लावू, किंवा वर्षाला एकदा बघत राहू.
जोखीम दोन्हीकडे आहे. आकडे माझ्याकडे थोडेच."

तोकुझो कान्बेंनी चष्मा पुसला.
पंचेचाळीस वर्षं काच फुंकली त्यांनी,
जाळी तरंगवणारे हिरवे गोळे.
"भिंत पातळ कुठे आहे?"
"ते इथून दिसत नाही."

बुडबुडा राहिलेला एक गोळा
दुकानाच्या फळीवर अजून आहे,
भूकंपातही टिकलेला.
दुसरा नुसता उन्हात ठेवला अन् फुटला.

बघत राहू, म्हणाले.

आता नळी शिकाऊ पोरगा फुंकतो.
बूट बांधायला ते वाकले की
शिझुए हातातलं भांडं खाली ठेवते,
ते सरळ होईपर्यंत
उचलत नाही.