सुईवरचं घर

बावन्नाव्या वर्षी क्रोशाची सुई हातात घेतली
ती सुरीसारखी, जणू दुधी चिरायचा आहे.
"काकी, पेन धरता तशी," निलोफर म्हणाली.
वय तेरा. पाचव्या मजल्यावरची. माझी गुरू.
फी दोन अळूवड्या, गरम असतील तरच.

दोरा आणायला मस्जिद बंदरला गेले.
दुकानदाराने विचारलं, बाळ केवढं आहे?
म्हटलं, बाळ नाही, मैत्रिणी आहेत. चार.
सगळ्या पन्नाशीपुढच्या,
एकीलाही थंडी वाजत नाही,
उलट मध्यरात्री उठून पंखा वाढवतात.
तो हसला नाही. लोकर मागे सारून
सुती गुंडे काढले. म्हणाला,
"मुंबईत लोकर कपाटातच म्हातारी होते."

साखळी जमली. साखळी कुणालाही जमते.
पहिल्या रात्री इतकी विणली
की पंख्याच्या बटणापासून गॅलरीच्या दारापर्यंत पोचली
आणि पुढे तिचं काय करायचं ते कळेना.
मग मुका खांब, अर्धा खांब, पुरा खांब.
वॉर्ड ऑफिसात अठ्ठावीस वर्षं
मी घरपट्टीच्या रजिस्टरात घरं मोजली,
मजल्यामजल्याने, कधी एक चुकलं नाही.
इथे बारा मोजावीत तर अकरा भरतात,
उसवून पुन्हा मोजावीत तर तेरा.
"काकी, हे जास्तीचं घर कुठून आलं?"
अनधिकृत असेल, मी म्हणते.

आयव्हीसाठी कपाखालची चकती करत होते.
सपाट राहीना. दर फेरीला कडा
वर, आणि थोड्या आत,
काहीतरी ऐकायला वळल्यासारख्या.
शेवटी लाल वाटी झाली.
तशीच माझगावला नेऊन दिली
आणि न विचारता सांगितलं, वाटीच करायची होती.
पुढच्या खेपेला पाहिलं, पलंगाशेजारी
चष्म्याच्या घराला टेकून वाटी,
आणि वाटीत तिचं कानाचं यंत्र झोपलेलं.

प्रमोदिनीच्या किल्लीला टोपी केली. घट्ट झाली.
किल्ली आत गेली ती गेली.
कुलूपवाल्याचे दीडशे तिने माझ्याकडून घेतले.

वेसाव्याच्या हिराला पापलेट.
भर बाजारात तिने ते उलटसुलट केलं,
नसलेला कल्ला नखाने उचलून पाहिला,
"कालचं आहे," म्हणाली,
आणि तागडीच्या दांडीला बांधून टाकलं.

राहिली कुंदा.
सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही.
काय झालं होतं ते आता नीट सांगता येणार नाही,
फक्त माझी बाजू मला पाठ आहे.
तिच्यासाठी निळं फूल घेतलं करायला.
चारदा विणलं, चारदा उसवलं,
दोऱ्याला लव आली, रंग विटल्यासारखा झाला.

निलोफर शेजारी बसून वडी खात होती.
म्हणाली, "दोन सुयांच्या विणकामात
कितीतरी घरं उघडी असतात.
यात एकच. मागची सगळी मिटलेली,
तेवढं एक सुईवर जिवंत.
ते सुटलं ना, काकी..."
आणि तेलकट बोटांनी दोरा ओढून दाखवला.
सर्रकन पाकळी गेली. पाचव्यांदा.

काल रात्री फूल पुरं झालं.
आता कात्री घ्यायची, दोरा तोडायचा,
टोक शेवटच्या घरातून ओढून गाठ आवळायची.
कात्री समोरच होती.

सकाळी त्या घरात सेफ्टी पिन अडकवली,
फूल पिशवीत ठेवलं, वर रुमाल.
कुंदा वडाळ्याला राहते, तिसरा मजला,
असं ऐकते, बेल बिघडलेली आहे.
कडी वाजवावी लागेल.
गुंडाही बरोबर घेतला आहे,
फूल अजून त्यालाच जोडलेलं.