नकाशावरचा बाण

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे,
कारण अक्षर बरं, आणि होडी माझी नाही.

शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या रेघांवर खुर्च्या मांडल्या.
अँकरेजहून इंजिनिअर आला, ग्रेगरी नावाचा,
धुक्यानं दोन दिवस अडवलेला, बूट अजून कोरडे.
टेबलावर त्याचा नकाशा, नकाशावर आमचं बंदर
आहे त्याच्या दुप्पट, आणि फारच निळं.
अठ्ठावन्न नवी ठाणं, बर्फाचं यंत्र, क्रेन,
आणि खाडीच्या तोंडाशी दगडांचा नवा बांध.
बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.
अंडी उकडायचं घड्याळ मी घरून आणलं होतं.

पहिला उठला क्रिसान्तो वेरगारा.
"बत्तीस फुटांच्या यादीत मी अकरा वर्षं आहे.
नाव घातलं तेव्हा लेक रांगत होती.
आता सुकाणू तिच्या हातात, मी जाळी शिवतो.
माझ्यापुढे सात जण. त्यातले दोघं वारले.
मेलेल्यांनी रांग सोडायची तरी कधी?"
लोक हसले. मी "हशा" लिहिलं, मग खोडलं.

सिग्ने टॉर्गरसननं भाड्याचं विचारलं.
भाड्याचं नाव काढलं की आमच्या गावाला कंठ फुटतो.
अर्धा तास तेच.
यॉटवाले येतील, आमचाच मासा आम्हाला महाग करतील.
येऊ देत की, डिझेल तरी खपेल.
एका होडीवरचे तीन सख्खे भाऊ
तीन बाजूंनी बोलले,
आणि घड्याळ वाजलं तरी तिघांपैकी कुणी बसेना.

मग अगाफ्या पेस्ट्रिकॉफ. ती उठली नाही,
नकाशाच तिच्याकडे न्यावा लागला.
बांधाच्या रेघेवर नख टेकवून म्हणाली,
"एप्रिलमध्ये हेरिंग इथे येते. इथल्या गवतावर अंडी घालते.
तिलाही ठाण लागतं.
ती यादीत नाव घालत नाही, एवढंच."
दीड मिनिट उरलं होतं. ते तिनं तसंच ठेवलं.

बांधाचं तोंड कुठे ठेवायचं ते ठरवायला
ग्रेगरीनं साधं विचारलं,
सगळ्यात वाईट लाट कुठून येते?
त्याच्या नकाशावर बाण एकच,
आग्नेयेकडून, तीस वर्षांच्या नोंदींतून काढलेला,
जाड, लाल.

क्रिसान्तोनं हात केला नैर्ऋत्येला.
सिग्नेनं उत्तरेला, हिमनदीकडे,
तिथून रात्री वारा सुटतो,
फवारा दोरांवर गोठत जातो
आणि होडी आपल्याच वजनानं कलंडते.
तिघा भावांनी पश्चिमेला,
आयुष्यात पहिल्यांदाच एकमतानं.
अगाफ्यानं बोट खाली केलं, जमिनीकडे.
लहान असताना तिनं पाहिलं होतं,
आधी जमीन हलली, मग खाडी रिकामी झाली,
मग पाणी परत आलं.

मी मान वर केली. जिममध्ये सगळ्या दिशांना हात.
माझा वर नव्हता,
तो लिहीत होता.

घड्याळ वाजलं. कुणाचं ते मला आठवेना.

ग्रेगरीनं लाल बाण खोडला नाही.
पेन्सिल घेऊन खुर्च्यांमधून फिरला,
नकाशावर बारीक बाण काढत,
प्रत्येकाला विचारत, "नाव काय?"
तो वाऱ्याचं विचारत होता, बहुतेक.
लोकांनी माणसांची सांगितली.
एकदा थांबला, कानात काहीतरी गेल्यासारखा,
मग तीच लिहिली, स्पेलिंग विचारून.

ठराव झाला नाही. पुढची सभा मार्चमध्ये,
हॅलिबट सुरू व्हायच्या आत.
इतिवृत्तात एक ओळ आहे,
"लाटांच्या दिशेबाबत उपस्थितांनी सूचना केल्या."
याहून जास्त लिहायला
मला कुणी सांगितलं नव्हतं.

खुर्च्यांच्या चळती लावताना क्रिसान्तो जवळ आला.
म्हणाला, "यादीतले ते दोघं,
इतक्यात काढू नकोस."
मी म्हटलं, बघते.