टक्का वीस

वूच शहराच्या नावात चार अक्षरं.
पत्त्याच्या पट्टीतून जाताना त्यातलं एकच शाबूत राहतं,
तिसरं, साधासुधा डी.
बाकी तिघांच्या अंगावर तिरक्या काड्या;
त्यांना टक्के लागतात, आकडे लागतात,
धोब्यानं चादरीच्या कोपऱ्यात खूण करावी तसे,
परतीला ज्याची त्याला मिळावी म्हणून.

गिरणीच्या संग्रहात लुडोमिर साहेबांनी
निवृत्तीआधी अकराशे फोटो यंत्रात चढवले
आणि फाइलींना नावं दिली पत्र लिहिल्यासारखी:
विणकर बायका, संप की जेवणाची सुट्टी?
प्रश्नचिन्हापुढचं सर्व्हर भलतंच काही समजतो.
बंद पडलेला माग #७, तेलाचा वास अजून.
त्या जाळीदार खुणेपुढचं तर
दाराबाहेरच पडत नाही.

मी बसले. जिथे मोकळी जागा, तिथे टक्का वीस.
शाळेतला प्रश्न: रिकाम्या जागा भरा.
रात्री धास्ती वाटली, राहिली असेल एखादी,
म्हणून सगळं पुन्हा एकदा त्याच चरकातून काढलं.
सकाळी टक्क्यालाच टक्का लागलेला.
टक्का पंचवीस वीस.
अकराशे दारं, एकाला किल्ली लागेना.
अति शहाणा त्याचा बैल रिकामा,
आणि इथे तर रिकामं तेवढंच नेमकं हरवलेलं.

ते निस्तरलं. मग झ्गेशहून तेओदोझ्या बाईंचा फोन.
"ग्रोबेल्नी उघडतो," म्हणाल्या, "पोरं उघडत नाहीत."
फोटोचं नाव: ग्रोबेल्नी & पुत्र, १९३१.
शोधाच्या पत्त्यात ती गाठ आली
की यंत्र तिथेच धागा तोडतं,
पुढचं दुसऱ्या कुणाचं समजून बाजूला टाकतं.
ग्रोबेल्नी पोचला. पुत्र वाटेतच.
त्या पुत्रांतला धाकटा म्हणजे बाईंचे वडील,
आठ वर्षांचे, बहुतेक उसन्या बुटांत.

गाठीलाही खूण बांधली.
एकदाच. आणि हात मागे घेतला.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.
फोनमधून किटलीची शिट्टी, मग तीही थांबली.
"डावीकडून दुसरा आणि तिसरा,
मध्ये एक माणूस मावेल एवढी फट आहे.
तुमच्या यंत्रानं पाडली का?"
मी कपाटातून मूळ काच काढली, खिडकीशी धरली.
नाही म्हटलं. तेव्हापासूनच आहे.

"मग राहू दे," म्हणाल्या.
"बुजवू नका."