अर्थिंग

सगळ्यात आधी माउस मरायचा.
तोही ऐन वेळी. शत्रू समोर, बंदूक भरलेली,
आणि माझं निशाण भिंतीवर
पालीसारखं चिकटून.
मग हेडफोनमध्ये ती घूंऽऽ,
डबीत कोंडलेला भुंगा.
टेबलाखाली कॅबिनेटला पाय लागला
की मुंग्या, थेट गुडघ्यापर्यंत.

खोललं.
चार स्क्रू, त्यातला एक कायमचा पलंगाखाली.
आत धूळ, मांजराचे केस,
पंख्याच्या पात्यात वाळलेली एक गांधीलमाशी.
रॅमच्या पट्ट्या काढल्या,
खाऱ्या हवेनं काळवंडलेल्या त्यांच्या सोनेरी कडा
दहावीच्या कंपासमधल्या खोडरबरानं घासल्या,
देव घासावेत तशा, फक्त चिंचेशिवाय.
ग्राफिक कार्ड उपटलं, पुन्हा बसवलं
टक् होईपर्यंत.
प्रोसेसरवर पेस्ट वाटाण्याएवढी,
व्हिडिओतल्या माणसानं सांगितली तेवढीच.
घूंऽऽ.

एल्विटोनं रायबंदरहून आपला पॉवर सप्लाय आणला
फेरीतून, पावाच्या पिशवीत गुंडाळून.
वाटेत कुणीतरी विचारलं म्हणे, गरम आहेत का.
जोडला. घूंऽऽ.
म्हापशाच्या केरकरनं फोनवरच, न बघता,
मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं,
लोक म्हातारं माणूस गेल्याचं सांगतात त्या सुरात,
आणि नवा अकरा हजारांना पडेल
हेही त्याच सुरात.

तीन दिवस एकेक वस्तू काढून पाहिली.
हार्ड डिस्कशिवाय. कार्डाशिवाय. एकाच रॅमवर.
शेवटी टेबलावर इतकं थोडं उरलं
की कॉम्प्युटरपेक्षा बिघाडच मोठा दिसायला लागला.

बाबा बल्कांवात सुपारी कातरत होते.
चोडणच्या फेरीत इंजिनाशेजारी एकतीस वर्षं,
त्यामुळे डावा कान फक्त शोभेचा.
ती घूं त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.
आत आले, उकिडवे बसले,
कॅबिनेटला हाताची पाठ लावली,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी.
तळवा लावायचा नाही, म्हणाले,
तळवा धरून ठेवतो.
मग उठता उठता:
"हेका कांय जावंक ना.
घराची जमीन सुटल्या."

मागच्या दारी, माडाच्या बुंध्यापाशी
एक लोखंडी पाइप मातीत जातो.
आयुष्यभर आम्ही त्याच्यावर फडकी वाळत घातली.
मे महिना. चिऱ्याची जमीन,
थुंकलं तरी चर्र होईल अशी.
बाबांनी मेन स्विच पाडला, पाना लावला,
नट हिरव्या पिठासारखा झडला
आणि वायर हातात आली, कधीपासूनची सुटी.
म्हणजे माझा चाळीस हजारांचा डोलारा
अधांतरी होता, इतके महिने,
आणि मी आत रबर घासत बसलेलो.

नवा नट फेरीच्या जुन्या डब्यातला.
खड्ड्यात चुलीचा कोळसा,
आगरवाड्याचं जाडं मीठ, दोन किलो,
आईनं लोणच्यासाठी ठेवलेलं, तिला न विचारता.
मग पाणी, बादलीमागून बादली.
माती फुसफुसत पीत राहिली.
खिडकीतून आई:
"आणि तोरांना आता काय घालू, तुझा माउस?"

रात्री हेडफोन लावले.
काही नाही.
इतकं काही नाही की त्या गेममध्ये
वाराही वाहतो, हे मला पहिल्यांदाच कळलं.

बाबा खुर्चीमागे उभे. ह्यात बोट आहे?
आहे. मी उठलो, ते बसले,
दोन बोटं, दोन बटणं.
चारी बाजूंनी गोळ्या, माझं पथक बोंबलतंय,
आणि धक्का दिसताच बाबा वेग कमी करतात,
ओढ कुठली ते बघतात, नाक जरा तिरकं धरतात,
इतक्या सावकाश
की मागच्या बाकावरचे दोघे मेले.

बोट लागली. न आदळता.
बाबांनी बोटं उचलली, माझ्याकडे पाहिलं.
"दोर कोण टाकतो?"