खाडा

नंबर चारच्या तोंडाशी, लाकडी खोपटात बसून
मी हजेरी लिहायचो. ग्विलिम प्रॉबर्ट, हजेरी कारकून.
खिळ्यावरचा पितळी बिल्ला काढून माणूस खाली जायचा,
वर आला की बिल्ला परत खिळ्याला.
हिशेब सोपा :
रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली.

त्या मंगळवारी दहा चाळीसला
दौतीतली शाई काठापर्यंत आली
आणि परत गेली.
एवढंच. मग धूर.

संध्याकाळी सुपरिंटेंडेंट माझ्या खांद्यावरून वाकले :
"दहा चाळीसनंतर काम झालं नाही, प्रॉबर्ट.
पुढे खाडा लाव."
मी लावला.
त्रेसष्ट रिकामे खिळे, त्रेसष्ट खाडे,
अक्षर नेहमीसारखंच वळणदार.

शुक्रवारी आत एक भिंत सापडली.
दगड, फळ्या, फटींत कोंबलेले कोट,
धूर येऊ नये म्हणून.
भिंतीपलीकडे एकवीस जण ओळीने बसलेले,
पाळी सुटायची वाट बघत असल्यासारखे.
आणि तुळईवर खडूच्या रेघा,
कुणीतरी घड्याळ बघून तासातासाला ओढलेल्या.
शेवटच्या दोन वाकड्या.
एकेचाळीस.

पेन्सिल्व्हेनियात तेव्हा विधवेला मिळायची
एक शवपेटी, शेवटच्या पगारातून कापून,
कंपनीच्या घरात महिनाभर मुक्काम,
आणि वकिलाचं एक वाक्य :
धोका ठाऊक होता, तरी उतरला.

वेरोना हुडाक आली ती रडत नव्हती.
हाताला पीठ. इंग्रजी बाजारापुरतं,
आकडे मात्र पक्के.
"माझा मेतोद बुधवारी कुठे होता?"
खाली, म्हटलं.
"कुणाच्या खाली?"
मी गप्प.
"दारूच्या गुत्त्यात नव्हता. घरी नव्हता. चर्चमध्ये नव्हता.
तुमच्या खाणीत होता, एकेचाळीस तास.
टेकू लावायचा तो, टनावर नाही, तासावर.
तासाला सतरा सेंट. मांडा."

मी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मांडलं.
सहा डॉलर सत्त्याण्णव.
वर कुणालाही दाखवायची हिंमत झाली नाही.

मग ती दर शनिवारी पगाराच्या रांगेत उभी राहू लागली.
तिची पाळी आली की एकच शब्द : एकेचाळीस.
मी मान हलवायचो. ती जायची.
पुढे तिच्यामागे बार्बोरा, तिच्यामागे इटालियन अस्सुंता,
मग मला नावं माहीत नसलेल्या बायका,
काखेत पोर, तोंडात तोच आकडा.
पुरुष टोप्या काढून वाट द्यायचे.
एका शनिवारी त्यांनी वाट दिली नाही.
बायकांच्या मागेच उभे राहिले, आणि संध्याकाळी
एकशेबारा पाकिटं माझ्या टेबलावर तशीच पडून.

कायदा यायला सहा वर्षं लागली.
राजधानीत कोण काय बोललं मला ठाऊक नाही.
माझ्यापर्यंत आला तो छापील तक्ता :
डोळा, सव्वाशे आठवडे.
पंजा, पावणेदोनशे.
नवरा, तीनशे.
बिल्ल्यांच्या शेजारी ठोकला तेव्हा मळमळलं;
खाटकाच्या दुकानातली पाटी वाटली.
मग आठवलं, आधी पाटीच नव्हती.
सगळं फुकटच जायचं.

जुनं मस्टर अजून माझ्या ट्रंकेत आहे.
दुरुस्त केलेलं नाही.
खाडाखोड केली असती तर मी बरा माणूस दिसलो असतो.

पहिला लखोटा अस्सुंताच्या सुनेने नेला.
वेरोनाला काहीच नाही; कायदा मागे वळून बघत नाही.
ती दारात उभी होती, खानावळीतल्या गड्यांच्या
धुण्याचं गाठोडं डोक्यावर.
"किती दिले?"
मी आकडा सांगितला.
ओठ हलवत तिने कसलासा भागाकार केला.
"कमी आहेत," म्हणाली.
आणि आत येऊन, तक्त्याचा सुटलेला कोपरा
अंगठ्याने दाबून
नीट बसवून गेली.