दुर्भाट ते रासई

जत्रेच्या मंडपात हा राजा
मुलाच्या मरणाच्या निरोपावर
पाव तास बोलायचा.
मागच्या रांगेत चणे चावायचे थांबायचे.

आता तो फेरीबोटीवरचा खलाशी.
कानाला मोबाइल, इंजिनाची धडधड,
संवाद एकही नाही.
"फक्त दोर धरा, काका," दिग्दर्शिका म्हणते.

तरी म्हाबळू प्रॉम्प्टर सवयीनं आलाय,
स्कूटरींआड उकिडवा,
मांडीवर दमट वही.

टेक.
राजा गप्प. वही चालूच.
पान उलटतं,
आणखी एक उलटतं,
'अरे, माझ्या कुळाच्या दिव्या'पाशी
हातातला दोर सुटतो.

संकलनाच्या खोलीत, पणजीला, उशिरा दिसलं:
स्कूटरच्या आरशात कुणाचे तरी ओठ.
"चूक आहे, काढू?"
ती म्हणाली, "राहू दे.
तेवढाच संवाद."