दोघं एका चौकटीत

वाझाच्या दुकानात काउंटरवर हिरवी बनात,
तिच्यावर तीन भिंगं तोंड वर करून,
मासळीच्या डोळ्यांसारखी ओली दिसणारी.
"काय चित्रित करायचंय, नेस्तान?"
मामाची भट्टी.
"खोली केवढी?"
चार पावलं लांब, तीन रुंद.
माझी पाठ आत्ताच भिंतीला लागलीय.

चोवीस मिलीमीटरमध्ये बादुरमामा मावतो:
कमरेत वाकून तोनेच्या तोंडात अर्धा गडप,
तापल्या भिंतीवर शोती थापून पुन्हा उगवणारा.
नाहीतर त्सियालामावशी मावते:
खिडकीशी, ओठ मुडपून, सुटे लारी मोजताना.
दोघं मावत नाहीत.
अकरा वर्षं ती भावंडं एकमेकांशी बोललेली नाहीत,
आणि माझा कॅमेराही त्यांचीच री ओढतो:
आधी हा, मग ती,
मध्ये एक कट.
त्या कटात मी खोटं बोलते.

वाझा एकेक उचलून दाखवतो.
हे चौदा ते चोवीस. काच अशी फुगलेली
की पुढे फिल्टर बसत नाही, वजन सव्वा किलो,
दुपारपर्यंत खांदा बोलायला लागेल.
हे सोळा ते पस्तीस. हलकं,
हात थरथरला तर सावरून घेतं,
पण झूम करताना नळी पुढे येते, गिंबल कलंडतो,
आणि उजेड कमी घेतं. "तिथे उजेड किती?"
जाळाचा असेल तेवढाच.
तिसरं कुठल्याशा टीव्ही केंद्रानं मोडीत काढलेलं.
झूमचं कडं मधासारखं फिरतं,
आत-बाहेर करा, फोकस जागचा हलत नाही.
काचेवर एक ओरखडा.
"तो चित्रात कळत नाही," वाझा म्हणाला, "भावात कळतो."

पासपोर्ट ठेवून घेऊन त्यानं तिन्ही दिली,
उद्या संध्याकाळपर्यंत.

पहाटे साडेचार. चौदावर दोघं आली,
एकदम, अख्खी. पण खोलीचं मैदान झालं.
कोपराला कोपर घासावं एवढ्या जागेत
पडद्यावर बस फिरली असती.
आणि कडेला मावशी ताणली गेली,
डोक्याचा भोपळा, खांद्याची पायरी.
तिनं वाकून पाहिलं. "मी अशी दिसत असेन
तर कुणी बोलत नाही ते बरंच."
मामा तोनेत होता. ऐकलं असेल, नसेल.

मी भिंग बदललं. मग पुन्हा बदललं.
विसावर मावशीचा हात मनगटाशी कापला जातो.
ओरखड्याचं कडं फिरवत राहिले, अठरा, सतरा, परत अठरा,
आणि भिंत सोडून एक पाऊल पुढे झाले.
रुंद भिंग लांबून बघायचं नसतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पीठ काचेवर उडेल इतकं जवळ जावं लागतं.

तेव्हा दिसलं.
मामानं न बघता हात मागे केला,
मावशीनं न बघता त्यात ओलं फडकं ठेवलं.
त्यानं ते मनगटाला गुंडाळलं आणि आत वाकला.
मग मोजत बसले. दर सात-आठ शोतींना एकदा.
चौकटीच्या मधोमध,
जिथे मी कधी कॅमेरा रोखलाच नव्हता,
कारण तिथे कुणी उभं नसतं.

ओरखडा घेतला.
वाझा सहाशे म्हणाला, मी चारशे,
साडेचारशे आणि चार गरम शोतींवर ठरलं.
पासपोर्ट देण्याआधी त्यानं भिंग बल्बखाली धरलं,
कडेला वाळलेला पिठाचा ठिपका
नखानं काढला, जिभेवर ठेवला.
"मीठ कमी आहे. मीठ कोण घालतं त्यांच्यात?"

मला सांगता येईना.
उद्या बघते, म्हटलं.